तीन पिढ्यांचे शनिवार

आपल्या समाजाचा इतिहास सांगायला बसले की आपण ठरलेल्या वाटेने जातो. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, दाविद राहबी, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत उभारलेली शाअर हारहामीम मशीद, कंपनी सरकारच्या पलटणीतले आपले सुभेदार आणि शेवटी इस्राएलला येणे. ही सर्व माहिती खरी आणि अभिमानाची आहे. पण ह्या इतिहासात घर फारसे दिसत नाही, आणि घरातला साधा नवरा व साधा बाप तर जवळजवळ नाहीच.

शुक्रवारी संध्याकाळी पुष्कळ घरांत किद्दुशाआधी नवरा ‘एशेत हायिल’ म्हणतो. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली ती सद्गुणी बायकोची स्तुती आहे. नवऱ्याची अशी स्तुती बायकोने दर आठवड्याला म्हणावी, असा काही रिवाज नाही. ती उणीव मी माझ्या परीने ह्या लेखात भरून काढते आहे. त्यासाठी तीन पिढ्यांचे शनिवार पाहू या, कारण आपल्या लोकांची पहिली ओळखच मुळी शनिवारावरून झाली.

घाण्याचा शनिवार

कोकणात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल ह्या बाजूच्या खेड्यांतून आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. दिवेकर, पेणकर, चेऊलकर, केहीमकर, अष्टमकर ही आपली आडनावे त्याच गावांची आहेत. पोथी नव्हती, हिब्रू येत नव्हते, तोंडी उरला होता तो शेमा. पण शनिवार सुटला नाही.

ह्याचा हिशेब घरच्या अंगाने मांडून पाहावा. तेल्याचे पोट रोजच्या कामावर चाले. बैल फिरला तर तेल निघे, तेल निघाले तर तांदूळ येई. सातांपैकी एक दिवस घाणा उभा ठेवायचा म्हणजे सातवा हिस्सा कमाई सोडायची, आणि बैलाला वैरण मात्र सातही दिवस लागे. शेजारच्या गिऱ्हाइकाला शनिवारी तेल हवे असले तरी नाही म्हणायचे. हे कर्त्या पुरुषाने पिढ्यान्‌पिढ्या केले आणि त्याची भरपाई उरलेल्या सहा दिवसांत पहाटे लवकर उठून केली.

माझे आजोबा अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात घाणा चालवीत. आजीने त्यांचे नाव कधी घेतले नाही, ‘आमच्या घरातले’ एवढेच म्हणे. त्या काळी चारचौघांत नवराबायकोने बोलण्याचीही पद्धत नव्हती. तरी आजी सांगे की, तिच्या बाळंतपणात विहिरीचे पाणी आजोबांनी भरले, तेही काळोखात, म्हणजे आळीतल्या माणसांनी हसू नये. त्या पिढीची माया अशी अंधारातच वावरे.

मुंबईचा शनिवार

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपले लोक मुंबईकडे वळले. आधी पलटण आणि बांधकामे, मग गोदी, कस्टम, पोस्ट आणि सरकारी कचेऱ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि पुढे रेल्वे ही तर आपल्या माणसांची हक्काची नोकरी झाली. डोंगरी, मांडवी, उमरखाडी, नंतर भायखळा आणि नागपाडा अशा वस्त्यांतून आपली बिऱ्हाडे राहिली. पुष्कळांची बायकामुले मात्र गावीच असत. मनिऑर्डर दर महिन्याला जाई आणि माणूस सणाला बोटीने रेवस किंवा धरमतरला उतरून पुढे पायी घर गाठी.

नोकरीने महिन्याचा पगार दिला, पण शनिवार काढून घेतला. कारखान्याची व कचेरीची सुटी रविवारी. ज्याच्या बापाने शनिवारसाठी घाणा थांबवला, त्याला शनिवारी भोंग्याबरोबर कामावर हजर व्हावे लागे. माझे वडील रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. धर्म सोडल्याचे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण शुक्रवारची संध्याकाळ मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ओव्हरटाइमला त्या दिवशी ते नाही म्हणत. घरी आले की आंघोळ करीत, नखांतले काळे ग्रीस लिंबाच्या सालीने घासून काढीत आणि सकाळी भिजत घातलेल्या काळ्या मनुका स्वतःच्या हाताने कुस्करून किद्दुशाचे शरबत गाळीत. मग थोरापासून लहानापर्यंत सर्वांची हातबोशी होई. मनुका आणि ग्रीस असा दोन्हींचा वास त्या हाताला असे.

शनिवारची जागा ह्या बापांनी दुसऱ्या कशाने भरली असेल तर ती शिक्षणाने. हाइम सामुएल केहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली आणि १९२२ ते १९५० रिबेका रूबेनबाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड ह्यांच्यासारख्या विदुषी डॉक्टर आपल्यात झाल्या, त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. ही नावे आपल्या तोंडी आहेत. पण प्रत्येक शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलीमागे फी भरणारा एक कारकून, फिटर किंवा कंपाउंडर होता, आणि ‘मुलीला एवढे शिकवून काय करणार?’ ह्या नातेवाइकांच्या प्रश्नाला तोंडही त्यालाच द्यावे लागे. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आमच्या घरीही हा प्रश्न आला होता. वडील म्हणाले, “पगार माझा, काळजी तुमची कशाला?” तेवढ्यावर विषय संपला.

बापाच्या नावाची परीक्षा

इस्राएल राज्य १९४८ साली झाले आणि आपली कुटुंबे येऊ लागली. पहिले दिवस कठीण होते. १९५१-५२ साली काही कुटुंबांनी आम्हांला परत पाठवा म्हणून धरणे धरले, ती भारतात परत गेली आणि त्यांतली बरीचशी पुढे पुन्हा इकडे आली. दोन्ही वेळा सामान बांधताना बायकोपोरांना तोंड देणारा तो घरचा कर्ता पुरुषच होता.

त्याहून मोठा घाव १९६२ साली बसला. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम ह्यांच्या आदेशाने आपल्या मुलामुलींचे लग्न लावण्यापूर्वी आईबाप, आजीआजोबा आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी असे ठरले. ज्याने मुलीचे लग्न ठरवले, त्या बापाला आपला बाप कोण आणि आजी कुठली हे सिद्ध करायला सांगितले. ज्यांनी कमाईचा सातवा हिस्सा सोडून शनिवार राखला, त्यांच्याच नावांची ही चौकशी होती. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला जाऊन धरणे धरून बसली. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि त्यानंतर रब्बीमंडळाने आदेशातून आपले नाव काढले.

माझे सासरे त्या धरण्याला गेले होते. तीन दिवसांची मजुरी बुडाली. त्यांना पुढारीपणाची हौस नव्हती. एवढेच म्हणत, “मला तीन मुली आहेत.” आपल्या लढ्याच्या इतिहासात हे वाक्य कुठे छापलेले नाही, पण माझ्या मते सगळा लढा त्यात आला.

परत मिळालेला शनिवार

इथे शनिवार आपल्याला परत मिळाला. कारखाने बंद, बस बंद, बाप घरी. पण इतिहासाची गंमत पाहा, आता आई घराबाहेर पडली. दिमोना, बेएर शेवा, लोद, रामले, अश्दोद ह्या गावांतून एका पगारात घर चालेना. बायका गिरणीत, बालवाडीत, इस्पितळात कामाला लागल्या. इस्पितळाला शब्बाथची सुटी नसते, कारण जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. मी १९८१ साली आले आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळ वॉर्डात काम केले. त्यांतले किती शनिवार ड्यूटीवर गेले, ते मोजलेले नाहीत.

ते शनिवार माझ्या यजमानांनी सांभाळले. आठवडाभर कारखान्यात उभे राहून काम, आणि शब्बाथला तीन मुले. शुक्रवारी दुपारी डाळभात शिजवून गरम तव्यावर ठेवणे, रात्रपाळीहून आलेल्या आईची झोप मोडू नये म्हणून मुलांना सकाळी मशिदीत आणि तेथून बागेत नेणे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. मुलीची वेणी ते दोरखंड वळावा तशी घट्ट घालीत, ती रविवारी शाळेत जाईपर्यंत सुटत नसे. शिकूनमधले काही भारतीय शेजारी सुरुवातीला हसले. आजोबांनी जे पाणी काळोखात भरले, ते ह्यांनी दिवसाढवळ्या भरले. माझ्या मते तीन पिढ्यांत झालेला सर्वांत मोठा बदल हाच.

सगळे नवरे असे होते, असे मी म्हणणार नाही. दारूने मोडलेली घरे आणि अबोल मार खाल्लेल्या बायका नर्सला पाहाव्या लागतात, आणि त्यांत आपलीही माणसे असतात. म्हणूनच जे चांगले वागले त्यांची नोंद राहिली पाहिजे. चांगुलपणा आपोआप घडतो असे मानले की, पुढच्या पिढीला तो शिकवायचा राहून जातो.

इथली आपली मुले बापाला ‘अब्बा’ म्हणतात. कोकणात घरातल्या वडीलधाऱ्याला ‘आबा’ म्हणत, म्हणजे ह्या एका शब्दासाठी तरी आपल्याला नवी भाषा शिकावी लागली नाही. मराठी समजणारे आपले हे अब्बा आता थोडे उरले आहेत. त्यांच्या कपाटात रेल्वेचा पास असेल, कारखान्याची पगारपत्रके असतील, गावच्या घाण्याची एखादी आठवण असेल. येत्या शब्बाथला मलिद्याचे ताट किंवा नुसता चहा समोर ठेवून त्यांच्याशी बसा, त्यांच्या शनिवारांबद्दल विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. आणि वाचक भगिनींनो, ‘तुम्ही केलेत ते मी पाहिले’ हे पाच शब्द घरच्या माणसाला त्याच्या हयातीत सांगा.