महाडची गोळी आणि अमेरिकेतील ६४२ रुग्ण

१९८६ या एकाच वर्षी एकाच औषधाविषयी दोन निकाल छापून आले. अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने सांगितले की, हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांचा मृत्यू प्राझोसिनच्या गोळीने टळत नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड परिसरातून गेलेले एक छोटे टिपण होते. विंचूदंशाने ज्यांचे हृदय कोलमडते ते रुग्ण याच गोळीने सावरतात, असा त्याचा आशय होता. दोन्ही निकाल खरे होते. ते एकाच वेळी खरे कसे, हा या धाग्याचा विषय.

विंचू मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले, गावोगावी तो ‘उतरवणारे’ मांत्रिक होते, आणि बहुतेक दंश रात्रभराच्या वेदनेवर भागत असल्याने मांत्रिकाचे नावही टिकून राहत असे. लाल विंचवाची गोष्ट मात्र निराळी. याच्या दंशात कधी कधी वेदना कमीच असते. त्याऐवजी उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. काही तासांत फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. मरणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ असत.

हे कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. १९६१ मध्येच डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरण्याविषयी लिहिले होते. पण निरीक्षणातून उपचार निघायला आणखी दोन दशके जावी लागली. १९७६ मध्ये जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांच्या समोर विंचू चावलेली माणसे मरत होती आणि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्यावर हाती लागेल असे फारसे काही नव्हते. त्यांनी मग रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली: घाम कधी फुटला, नाडी कशी चालली, रक्तदाब कधी चढला आणि कधी पडला. १९८२ मध्ये या नोंदींवर आधारलेला त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ने छापला. पुढच्या संकटाची चाहूल कोणत्या लक्षणांवरून लागते, हे त्यात होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या टप्प्यावर जरा थांबावे. या कथेतले पहिले साधन प्रयोगशाळेतले नाही. ते तारीखवार, वेळवार लिहिलेले टिपण आहे.

त्या टिपणांतून उलगडले ते असे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची दारे मिटू देत नाही. परिणामी शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला जणू बंद दारावर धडका मारत रक्त ढकलावे लागते. ते थकते आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. म्हणजे मृत्यू येतो तो हृदय निकामी होऊन. मग उपाय हृदयाला चाबूक मारण्याचा नाही, तर समोरचे दार उघडण्याचा असला पाहिजे. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहण्यात आले. ते सलाइनमधून थेंब थेंब द्यावे लागते आणि रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते. वीज जाणाऱ्या ग्रामीण दवाखान्यात ही चैनच. प्राझोसिन मात्र साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी होती. रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक ती नेमके अडवते. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८३ च्या सुमारास ती वापरायला सुरुवात केली. त्यांच्याच नोंदींप्रमाणे, गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरात सुमारे तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आले.

आता अमेरिका. तेथील माजी सैनिकांच्या ११ रुग्णालयांत ६४२ पुरुषांवर एक चाचणी झाली. सर्वांना दीर्घकाळचा हृदयविकार होता आणि सर्वजण डिजॉक्सिन व लघवी वाढवणारे औषध आधीपासून घेत होते. काहींना प्राझोसिन मिळाले, काहींना हायड्रॅलाझिन व आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही जोडी, तर काहींना नुसती औषध नसलेली गोळी. जोडी घेणाऱ्यांत पहिल्या दोन वर्षांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. प्राझोसिनवाले आणि औषध नसलेली गोळी घेणारे यांच्यात फरक पडला नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या रोगात शरीर या औषधाला सरावते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. विंचवाचे वादळ एक-दोन दिवसांत शमते. सरावायला वेळच नसतो. पुढे याच कुळातील डॉक्साझोसिनही रक्तदाबाच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून २००० साली मागे घेण्यात आले, कारण ते घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण तुलनेच्या औषधापेक्षा दुप्पट होते.

त्या यशस्वी जोडीचे पुढे जे झाले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. जुनी आकडेवारी पुन्हा चाळताना तिचा लाभ कृष्णवर्णीय रुग्णांत विशेष दिसला. मग स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या १,०५० रुग्णांवर नवी चाचणी झाली. तीत मृत्यूचे प्रमाण १०.२ वरून ६.२ टक्क्यांवर आले, म्हणून ती २००४ मध्ये वेळेआधीच थांबवली गेली. २००५ मध्ये एका वंशगटाच्या नावाने औषधाला मान्यता मिळाली. टीकाकारांचा प्रश्न रास्त होता: या चाचणीत दुसरा गट घेतलाच नव्हता, तर औषध ‘त्यांचेच’ कसे ठरले?

तसाच रोखठोक प्रश्न महाडलाही विचारता येतो. ‘पूर्वी तीस, आता एक’ ही दोन काळांची तुलना आहे. मधल्या काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर येऊ लागले असतील, सौम्य रुग्णही मोजले गेले असतील. दोन कालखंडांची तुलना करताना इतिहासकाराचा पाय जिथे घसरतो, तीच ही जागा. परंतु डोळ्यांदेखत बुडणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना औषध नसलेली गोळी द्यायची कोणी? तशी चाचणी न करण्यात बावस्करांची चूक नव्हती. घट इतकी मोठी आहे की तिचे सारे श्रेय रस्त्यांना देणे कठीण आहे.

चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी करून चाचणी झाली ती नंतर, आणि वेगळ्या प्रश्नावर. गोळीला प्रतिविषाची जोड दिली तर? महाडच्या ७० रुग्णांवरील या चाचणीचा निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. याउलट १९९९ मध्ये ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रतिविषाचा काहीच लाभ दिसला नव्हता. तेथील विंचू निराळे होते आणि बहुतेक रुग्ण सौम्य होते.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला इतक्या दूर जायला नको. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पृथक्करणात कोकणातील आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरील लाल विंचवांच्या विषाचे घटक सारखे नसल्याचे दिसले. जात एक, मुलूख वेगळा, विष थोडे वेगळे. मग महाडचा निष्कर्ष तापीकाठी जसाच्या तसा लावावा का? प्राझोसिनपुरती अडचण कमी आहे, कारण ती गोळी विषाला नव्हे, तर विषाने उठवलेल्या वादळाला अडवते, आणि त्या वादळाची यंत्रणा तीच असते. प्रतिविषाचे तसे नाही. ते ज्या विषापासून बनवले, त्यालाच ते नीट ओळखते. खानदेशातील दवाखान्यात ती कुपी फोडताना आतले औषध कोणत्या मुलखातील विंचवाच्या विषापासून बनले आहे, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरत नाही.