इलेक्ट्रिक चोक: जुन्या कार्बोरेटरच्या ट्रकमध्ये वायर कुठून घ्यायची?

थंड इंजिनाला सुरू होताना हवेच्या मानाने जास्त पेट्रोल लागतं, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावरची चोकची झडप बंद असते. इलेक्ट्रिक चोकच्या गोल टोपीत दोन धातूंची स्प्रिंग असते. वीज मिळाली की ती तापते आणि झडप हळूहळू उघडते.

१९७०च्या दशकातल्या अमेरिकन पिकअपवर असा १२ व्होल्टचा चोक बसवताना खरा प्रश्न असतो तो करंट कुठून घ्यायचा हा.

इथून घेऊ नका
- बॅटरी थेट: गाडी बंद असली तरी चोक तापत राहतो, बॅटरी उतरते.
- इग्निशन कॉइलचा प्लस: बऱ्याच गाड्यांत या वायरवर रेझिस्टन्स असतो. चोक उशिरा उघडतो, वर स्पार्कही कमजोर होतो.
- फोर्डच्या अल्टरनेटरचं स्टेटर टर्मिनल: इथे साधारण ७ व्होल्टच मिळतात. फोर्डच्या मूळ चोकला ते चालतात, १२ व्होल्टच्या चोकला पुरत नाहीत.

इथून घ्या
चावी ऑन केल्यावरच पूर्ण १२ व्होल्ट देणारी जागा मल्टिमीटरने शोधा. वाटेत फ्यूज हवाच. मात्र इंजिन सुरू न करता चावी ऑन ठेवली, तर चोक आधीच उघडतो. म्हणून ऑइल प्रेशर स्विचने चालणारा रिले उत्तम: इंजिन चालू, तरच करंट.

दुसरी वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला अर्थ करा. चोक उघडलाच नाही तर काळा धूर येतो, प्लग काजळतात आणि पेट्रोल वाया जातं.