पेटी, कॅसिओ आणि कॉम्प्युटर



तत्त्वज्ञानाच्या मास्तरने कॉम्प्युटरवर बोलावं, आणि तेही गाण्याबजावण्याच्या अंगानं, याचं काहींना नवल वाटलं असेल. कारण सांगतो. इंदापूर तालुक्यात आमच्याकडच्या एका भजनी मंडळात काही वर्षांपूर्वी पेटी बंद झाली आणि कॅसिओ आला. पेटीवर बसणारे बुवा म्हातारे होते. ते मला म्हणाले, "सर, कॉम्प्युटरनं आमचा गंधार खाल्ला." ते वाक्य डोक्यात राहिलं. नोकरीत असताना वेळ झाला नाही, निवृत्तीनंतर मी त्याचा माग काढत बसलो. बुवांचं दुःख खरं होतं, पण त्यांनी आरोपी चुकीचा पकडला होता, असं माझं आजचं मत आहे. ते का, तेवढंच आज मांडतो.

आधी 'कॅसिओ' हा शब्द बघा. बारामती काय, इंदापूर काय, कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, आपण त्याला कॅसिओच म्हणतो. आता ही कंपनी मुळात कसली? आकडेमोडीच्या यंत्रांची. १९५७ साली त्यांनी १४-ए नावाचं विजेवर चालणारं गणकयंत्र बाजारात आणलं. टेबलाएवढं होतं ते. वाद्य बनवायला त्यांनी सुरुवात केली १९८० मध्ये. म्हणजे किराणा दुकानातल्या हिशेबाच्या कॅल्क्युलेटरचा आणि जागरण-गोंधळात वाजणाऱ्या कीबोर्डचा बाप एकच. हा निव्वळ धंद्याचा योगायोग नाही. दोन्हींच्या पोटात काम एकच चालतं, आकडे हलवायचं.

त्याच १९५७ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीत मॅक्स मॅथ्यूज या इंजिनिअरने आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरकडून सतरा सेकंदांचं संगीत वाजवून घेतलं. त्याआधीही कॉम्प्युटर वाजले होते. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरला यंत्राला जोडलेल्या भोंग्यातून चाली काढल्या होत्या. पण तो भोंगा होता यंत्राचं काम नीट चाललंय का हे कानानं कळावं म्हणून. पिठाची गिरणी घरघरते त्यावरून गिरणीवाल्याला कळतं ना, तसं. मॅथ्यूजचं तसं नव्हतं. त्याने खुद्द नादच आकड्यांत लिहिला. आवाज म्हणजे हवेची हालचाल. क्षणाक्षणाला ती हालचाल किती, याचे हजारो आकडे कॉम्प्युटरने काढायचे, त्या आकड्यांची वीज करायची आणि ती वीज कर्ण्याला द्यायची. सीडी आली तेव्हा याच पद्धतीत एका सेकंदाला ४४,१०० आकडे ठरले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, माझ्या बोलण्याचा सगळा भार तिच्यावर आहे. मॅथ्यूजच्या यंत्राला बारा सूर माहीतच नव्हते. सेकंदाला २४० कंपनं सांगा, ते २४० वाजवील. ३०० सांगा, ३०१ सांगा, २९९ आणि पाव सांगा, त्याची काही तक्रार नाही. सा ते वरचा सा यांच्यामध्ये त्याच्या दृष्टीने कुठेही पायरी नाही.

दुसरी वाट सिंथेसायझरची. १९६४ च्या सुमारास रॉबर्ट मूग याने विजेच्या दाबावर सूर ठरवणारं यंत्र बनवलं. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर. इथेही पायरी नाही, नळाची तोटी जितकी फिरवाल तितकं पाणी. मग पायऱ्या आल्या कुठून? मूगने पियानोसारख्या पट्ट्या लावल्या, कारण वाजवणाऱ्यांची बोटं तिथेच सरावलेली होती. त्याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला तसलंच यंत्र बनवत होता. त्याने पियानोच्या पट्ट्या लावायचं टाळलं. पट्ट्या दिसल्या की माणूस जुनंच वाजवणार, असं त्याचं म्हणणं. खप मूगचा झाला. मला विचाराल तर आपल्या बुवांचा गंधार त्या दिवशी गेला.

पुढे चिप स्वस्त झाल्या आणि या दोन वाटा एकत्र आल्या. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या पोटात मायक्रोप्रोसेसर होता. १९८३ मध्ये 'मिडी' आलं, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी आणि कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायची भाषा. या भाषेत पट्टीला नंबर असतो. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. साठ आणि एकसष्टच्या मध्ये काही सांगायचं तर वेगळा निरोप पाठवावा लागतो. सोय झाली, पण पियानोच्या पट्ट्या आता व्याकरणात जाऊन बसल्या.

गंधाराचं नेमकं काय होतं? दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करा. तानपुरा चांगला जुळला की षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा कॅसिओचा शुद्ध गंधार सुमारे चौदा भाग चढा असतो. चौदा भाग म्हणजे फार नाही. पण यमनात गंधारावर ठेहराव घेऊन बघा, कान आत कुठेतरी आकसतो.

अर्थात हा चढा गंधार काही कॉम्प्युटरने आणला नाही. तो पेटीबरोबर युरोपातून आला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुतींची पेटी बनवून घेतली. आकाशवाणीने तर १९४० पासून तीसएक वर्षं पेटीला दारच बंद केलं होतं. मग बुवांनी कॅसिओलाच का दोष द्यावा? त्याचं उत्तर त्यांच्या पेटीत होतं. पेटी दुरुस्तीला गेली की ते कारागिराशेजारी बसून सूर घासून घ्यायचे, गंधार आपल्या कानाला लावून घ्यायचे. कॅसिओ उघडायची सोय नाही. बुवांनी गमावला तो हा हक्क, आणि त्याबरोबर मंडळातली जागाही.

याउलट, त्याच यंत्रांनी काय होऊ शकतं याचं उदाहरण मुंबईतलं आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. भूप, तोडी, ललित, खाली डिस्कोचा ठेका. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्याला साथ करायला बनवलेलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. सिंगांना त्यात मींड दिसली. रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र पिळून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं संगीत काढलं, ते जगभर गाजलं, आणि २०१० साली सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले. मला ती रेकॉर्ड गाणं म्हणून फार आवडत नाही, हेही सांगून टाकतो.

प्रश्न आलाय: "आमच्या मंडळाच्या कीबोर्डवर गंधार उतरवता येईल का?"

काही मॉडेलवर येतो. 'स्केल ट्यूनिंग' असं काही सापडतंय का बघा, आणि गंधाराची पट्टी उणे चौदावर न्या. पण एक अडचण आहे. गाणारा आज काळी एकमध्ये गायला आणि उद्या काळी दोनमध्ये, तर षड्ज सरकतो, गंधाराची पट्टी बदलते. उणे चौदा मात्र जुन्याच पट्टीवर राहतं आणि भलताच सूर बिघडवतं. तेव्हा गाणारा बदलला की पुन्हा लावून घ्यायचं. तानपुरा नाही का आपण दर वेळी लावत? वेळ लागतो, लोक खोळंबतात, चहावाला येऊन जातो. लावायला बसा.