यंत्राला विचारावयाचे प्रश्न

संध्याकाळ झाली की अरेरा टेकडीवरील कचेऱ्यांचे दरवाजे बंद होतात, मोठ्या तलावाच्या काठी फिरावयास आलेली मंडळी घरी परततात, आणि भोपाळ शहर हळूहळू निद्राधीन होते. परंतु शासनाचे, बँकांचे, रेल्वेचे आणि रुग्णालयांचे संगणक रात्रीही जागे असतात. यांतील मोठ्या यंत्रांपुढे कोणी माणूस बसलेला नसतो. पुष्कळदा त्यांना स्वतःचा पडदाही नसतो. कोठेतरी दूर बसलेला एक मनुष्य आपल्या काळ्या पडद्यावर दोन-चार अक्षरे उमटवितो, आणि यंत्र त्याला एका ओळीत उत्तर देते. या मनुष्याला आपण संगणकाचा कारभारी म्हणू. त्याच्या या अल्पाक्षरी भाषेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. वरवर पाहता हा तांत्रिक विषय आहे, परंतु राखणदारी कशी करावी हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, आणि तो प्रश्न आपल्या शहराला परका नाही.

ही भाषा जन्मास आली ती १९६९ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोन संशोधकांनी एका लहानशा संगणकावर ‘युनिक्स’ नावाची कार्यप्रणाली रचावयास घेतली. त्या वेळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप होते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एके काळी खडखडत राहणारा टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या यंत्राची कल्पना येईल. त्याच्या कळा दाबावयास जड असत, आणि कागदावर एका सेकंदात जेमतेम दहा अक्षरे उमटत. अशा यंत्रावर लांबलचक शब्द लिहिणे म्हणजे बोटांना शिक्षा आणि वेळेचा अपव्यय. म्हणून शब्द आखडले. ‘लिस्ट’चे ‘एल-एस’ झाले, ‘कॉपी’चे ‘सी-पी’ झाले, ‘मूव्ह’चे ‘एम-व्ही’ झाले आणि ‘रिमूव्ह’चे ‘आर-एम’ झाले.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तारेच्या प्रत्येक शब्दाला पैसे पडत, तेव्हा आपले वाडवडील आठ-दहा शब्दांत लग्नही कळवीत आणि मृत्यूही कळवीत. ही तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. परंतु पाकिटावरील ‘मु. पो.’ आणि पत्राअखेरचा ‘ता. क.’ अजून टिकून आहेत. साधन बदलले तरी त्या साधनाने लावलेले वळण राहते, तसेच येथेही घडले. टेलिटाइप केव्हाच अडगळीत गेला, पण त्याने आखडलेली अक्षरे राहिली. आजही कारभाऱ्याने ‘टी-टी-वाय’ अशी आज्ञा दिली की आपण कोणत्या टर्मिनलावर बसलो आहोत हे त्याला समजते. ती तीन अक्षरे ‘टेलिटाइप’ या शब्दाचीच होत.

३ नोव्हेंबर १९७१ रोजी युनिक्सची पहिली नियमपुस्तिका तयार झाली. तीतील कित्येक आज्ञा अर्धशतक उलटून गेल्यावरही जशाच्या तशा वापरात आहेत. त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘हू’ ही आज्ञा विचारते, ‘या घटकेला यंत्रावर कोण कोण आहे?’ ‘डी-एफ’ विचारते, ‘साठवणीची जागा किती शिल्लक आहे?’ ‘डी-यू’ विचारते, ‘ती कोणी किती व्यापली आहे?’ ‘एल-एस’ म्हणते, ‘येथे काय काय आहे ते दाखव.’ यांपैकी एकीनेही यंत्रात काडीचा फरक पडत नाही. आपण यांना आज्ञा म्हणतो खरे, परंतु त्या वस्तुतः पृच्छा आहेत. कारभाऱ्याच्या दिवसभराच्या कामातील मोठा भाग असा केवळ विचारण्यात जातो, आणि तसा तो जाणेच योग्य आहे.

चांगला कारभारी यंत्रावर येताच पहिला प्रश्न स्वतःविषयी विचारतो. ‘होस्टनेम’ म्हणजे मी कोणत्या यंत्रावर आहे? ‘हू-अ‍ॅम-आय’ म्हणजे मी कोणाच्या अधिकाराने येथे उभा आहे? ‘पी-डब्ल्यू-डी’ म्हणजे मी कोणत्या दालनात आहे? या तिसऱ्या आज्ञेचे नाव ऐकून बांधकाम खात्याची आठवण व्हावयाची, परंतु तिचा रस्त्यांशी आणि पुलांशी काही संबंध नाही. हे प्रश्न बालिश वाटतात. आपण कोठे आहोत हे कोणाला ठाऊक नसते? पण ते ठाऊक नसल्याने काय होते याचे उदाहरण फार जुने नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री ‘गिटलॅब’ या कंपनीतील एका थकलेल्या अभियंत्याला दुय्यम संगणकावरील एक दालन रिकामे करावयाचे होते. त्याने पुसून टाकण्याची आज्ञा दिली, आणि क्षणा-दोन क्षणांत त्याच्या ध्यानात आले की आपण मुख्य संगणकावर आहो. त्याने हात आवरला तोवर सुमारे ३०० गिगाबाइट सामग्रीपैकी जेमतेम साडेचार उरली होती. ‘आर-एम’ या आज्ञेला परतीची वाट नसते. कागद टोपलीत पडत नाही, तो थेट नाहीसा होतो.

दुसरा प्रश्न यंत्राच्या प्रकृतीविषयीचा असतो. येथे ‘अपटाइम’ नावाची एक साधी आज्ञा आहे. यंत्र किती काळ अखंड चालू आहे हे ती सांगते, आणि शेवटी तीन आकडे देते. पहिला आकडा गेल्या एका मिनिटातील कामाच्या भाराचा, दुसरा पाच मिनिटांतील आणि तिसरा पंधरा मिनिटांतील. तीन आकडे कशासाठी? एकाने भागले नसते काय? नसते. एकटा आकडा स्थिती सांगतो, परंतु गती सांगत नाही. भार चार आहे एवढ्याने काही कळत नाही. पंधरा मिनिटांपूर्वी तो एक होता आणि आता चार झाला, हे कळले म्हणजे कारभारी सावध होतो.

हे सांगताना भोपाळच्या माणसाच्या मनात एक रात्र उभी राहिल्यावाचून राहत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब साडेदहाच्या सुमारास चौरस इंचाला दोन पौंड होता. पावणेअकराच्या सुमारास पाळी बदलली. अकराच्या सुमारास तोच काटा दहावर होता. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसणारा होता, त्यामुळे तो पाहून कोणी दचकले नाही. दोनाचे दहा झाले, अर्ध्या तासात दाब पाचपट झाला, हे त्या आकड्यांचे खरे म्हणणे होते. मध्यरात्रीनंतर काटा मोजपट्टीच्या टोकाला जाऊन भिडला, आणि पुढे जे घडले ते येथील प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. त्या पाळीवरील कामगारांच्या माथी याचा दोष मारणे अन्यायाचे होईल. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा नळ बदलण्यासाठी तोडून ठेवला होता, आणि अमेरिकेतील इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यात जी संगणकाची देखरेख होती ती भोपाळात दिलेलीच नव्हती. तथापि यंत्राची राखण करणाऱ्या प्रत्येकाने त्या दोन आकड्यांवरून एक धडा घ्यावा असा आहे: ‘किती आहे?’ एवढेच विचारू नये, ‘मघापेक्षा किती आहे?’ असे विचारावे. आणि जाणाऱ्या पाळीचा आकडा येणाऱ्या पाळीच्या हाती द्यावा.

याकरिता संगणक आपली रोजनिशी ठेवतो. कोण आला, कोण गेला, कोणते काम अडले, हे सारे तो ओळीमागून ओळ लिहीत राहतो. ‘टेल’ ही आज्ञा त्या वहीच्या शेवटच्या ओळी दाखविते, आणि ‘ग्रेप’ ही आज्ञा लक्षावधी ओळींतून हवा तो शब्द हुडकून काढते. १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय झाली. एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या ओंजळीत पडावे, दुसरीचे तिसरीच्या, अशी ही पन्हळ आहे. लहान लहान प्रश्न एकास एक जोडून मोठा प्रश्न विचारता येऊ लागला. या प्रणालीच्या दीर्घायुष्याचे मर्म पुष्कळ अंशी येथे आहे.

तिसरा प्रश्न अधिकाराचा असतो. प्रत्येक कागदावर मालक, त्याचा गट आणि इतरेजन अशा तिघांचे हक्क वेगवेगळे लिहिलेले असतात: वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालविण्याचा. ‘सीएच-मॉड’ ही आज्ञा ते हक्क बदलते. सर्वाधिकारी मात्र एकच, त्याला ‘रूट’ म्हणतात. पूर्वी कारभारी सर्वाधिकारी होऊनच दिवसभर वावरत. १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात ‘सुडू’ ही आज्ञा तयार झाली, आणि एका कामापुरता अधिकार मागून घ्यावा, काम होताच तो सोडावा, ही चाल पडली. राज्यकारभारातही ही चाल पडती तर किती बरे झाले असते, असे वाटून जाते!

शेवटचा प्रश्न नकलेचा. १२ जून २०२३ रोजी आपल्या सातपुडा भवनाला आग लागली. तिसऱ्या मजल्यावरची ज्वाळा वरच्या मजल्यांत शिरली, आणि आरोग्य विभागासह अनेक दफ्तरांतील हजारो फायली जळाल्या. ज्या कागदाची नकल दुसरीकडे होती तो वाचला. ज्याची नव्हती तो गेला. संगणकातही न्याय हाच आहे. ‘टार’ आणि ‘आरसिंक’ या आज्ञा सामग्रीचे गाठोडे बांधतात व दूरच्या यंत्रावर तिची प्रत ठेवतात. परंतु प्रत आहे असे मानणे वेगळे आणि ती उघडून पाहणे वेगळे. त्या गिटलॅबमध्ये रोजच्या नकला होत आहेत असे सर्व जण समजत होते. प्रत्यक्षात त्या होतच नव्हत्या, आणि बिघाडाची सूचना देणारी पत्रेही पोहोचत नव्हती. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या एका कामासाठी सहज एक प्रत काढून ठेवली होती, तिने कंपनी तरली. त्या कंपनीने ही सारी हकीकत जगापुढे उघडपणे मांडली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या देशात ही भाषा हळूहळू रुळली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांस खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात चित्रे नव्हती, केवळ अक्षरे होती. त्या पिढीने टर्मिनलाच्या काळ्या पडद्यातून जग पाहिले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी युनिक्सच्या या भाषेवर लिहिलेले पुस्तक देशभरच्या महाविद्यालयांत गेले. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या ‘लिनक्स’ने युनिक्सची वाट उचलली, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक एकूण एक लिनक्सवर चालू लागले. म्हणजे टेलिटाइपसाठी आखडलेली ती अक्षरे तेथवर पोहोचली.

अर्थात या आज्ञा पाठ करणे हे काही मोठे काम नव्हे. ‘मॅन’ असे लिहून आज्ञेचे नाव दिले की तिची संपूर्ण माहिती पुढे येते, आणि विसराळू माणसाची सोय होते. अवघड आहे तो क्रम: आधी आपण कोठे आहोत ते विचारावे, मग काय चालले आहे ते विचारावे, ते मघाशी काय होते याच्याशी ताडून पाहावे, नकल असल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच यंत्राला हात लावावा. घाईच्या वेळी मनुष्य नेमका हा क्रम उलटा करतो. आज रात्रीही कोठेतरी एक कारभारी दुसऱ्याच्या हाती पाळी देऊन घरी जात असेल. जाण्यापूर्वी त्याने शेवटचा आकडा वहीत लिहिला असेल, आणि येणाऱ्याने तो वाचला असेल, तर आपण सर्वांनी निश्चिंत झोपावे.