तळ खरवडणारं जाळं

१३७६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे एक अर्ज आला. गाऱ्हाणं ‘वंडरशूम’ नावाच्या नव्या जाळ्याचं होतं. तीन वाव लांब, दहा फूट रुंद, वर लाकडी दांडी, खाली शिसं. वजनामुळे ते तळ घासत जातं, तळाची हिरवळ उपटतं आणि आस (जाळ्याची भोकं) इतके बारीक की आत शिरलेलं काही सुटत नाही. बारकी मासळी एवढी सापडते की ती डुकरांना घालतात, असंही अर्जात होतं. राजाने चौकशी नेमली. (समिती नेमण्याची कला आपलीच, असा आपला उगाच समज आहे.)

बोटीमागून ओढायच्या ट्रॉल जाळ्याचा मूळ पुरुष तो. १८६६ मध्ये ब्रिटिश आयोगाने मासेमारीच्या पद्धतींवरचे निर्बंधच काढून टाकावेत असं सुचवलं. आयोगात टॉमस हक्स्ली होते, डार्विनची बाजू लढवणारे. थोर माणूस, पण वाफेचे ट्रॉलर अजून यायचे होते.

आपल्याकडे ट्रॉलिंग रुजलं ते १९५२ च्या इंडो-नॉर्वेजियन करारानंतर, केरळात नीण्डकरा भागात. कोळंबीला परदेशात भाव आला आणि ट्रॉलर किनाऱ्याला खेटून फिरू लागले. सत्तरच्या दशकात गोव्याचे रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणारे मच्छीमार, माथानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. गोवा आणि केरळाने १९८० मध्ये मासेमारी नियमनाचे कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. महाराष्ट्राच्या नियमांत किनाऱ्यालगतचा ट्रॉलरबंदीचा पट्टा पाण्याच्या खोलीवरून, वावांतच मोजला गेला: कुठे पाच वाव, कुठे दहा.

हे सगळं मागितलं मच्छीमारांनी. मालवणात मात्र गाडी उलटी फिरली. १३ एप्रिल १९८७ ला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य झाला, आणि विरोधाला उभे राहिले ते मच्छीमारच. वन्यजीव कायदा हद्द आखतो, जाळं बघत नाही. ट्रॉलरच्या पाठोपाठ रापणीवरही गदा आली तर? ही भीती मला अडाणी वाटत नाही. रापणीत होडी दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, अर्धगोल घेऊन परत येते, मग दोन्हीकडून माणसं ओढतात आणि मासळीचे वाटे होतात. या जाळ्याला आणि इंजिनामागे तासन्‌तास तळ घासणाऱ्या जाळ्याला एकच कलम लावायचं?

जाळ्यातला फरक बघायचा तर आस बघावा. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. ओढ बसली की मिटतो आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ताणला तरी उघडा राहतो. म्हणून पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा, असा नियम आला. शिवाय थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये मर्यादा, मासळी खेचणाऱ्या एलईडी दिव्यांवर २०१७ मध्ये केंद्राची बंदी. कागद भरपूर झाले. रात्री समुद्रात जाऊन ते वाचायला लावणाऱ्या गस्तीनौका थोड्या.

तिकडे युरोपात, २०२४ मध्ये ग्रीसने जाहीर केलं: राष्ट्रीय सागरी उद्यानांत २०२६ पर्यंत आणि सगळ्या संरक्षित सागरी क्षेत्रांत २०३० पर्यंत तळाचं ट्रॉलिंग बंद. म्हणजे संरक्षित म्हणवणाऱ्या पाण्यातही तोवर ते चालूच होतं. बारकी मासळी आता डुकरांऐवजी भुकटीच्या कारखान्यात जाते, आणि तिथून कोंबड्यांच्या खाद्यात.