सेवा आणि हक्क : परळच्या सोशल सर्व्हिस लीगची हकीकत

आपल्या शहरात सेवा करणाऱ्या मंडळांना तोटा नाही. कोणी जूनमध्ये वह्या वाटतो, कोणी रक्तदानाचे शिबिर भरवतो, कोणी सुट्टीत मुलांना किल्ल्यावर घेऊन जातो. वर्षाअखेर अहवाल निघतो. त्यात आकडे असतात, छायाचित्रे असतात आणि देणगीदारांची नावे ठळक अक्षरांत असतात. या मंडळांविषयी आम्हा कामगार चळवळीतील माणसांच्या मनात एक जुनी अढी आहे. बापाची मजुरी बुडवायची आणि मग पोराच्या हातात पाटी द्यायची, हा कसला धर्म, असे आमचे लोक विचारतात. आम्हीही हे पुष्कळदा भर सभेत विचारले आहे. आज मात्र आम्ही अशा एका सेवासंस्थेची हकीकत सांगणार आहोत की जिच्या रात्रशाळांतून आणि मुलांच्या क्लबांतूनच कामगार संघटनेकडे जाणारी एक वाट निघाली. ती संस्था म्हणजे मुंबईची सोशल सर्व्हिस लीग.

लीगची स्थापना १९११ सालची. त्या काळची गिरणगावची मुंबई प्रथम डोळ्यांपुढे आणली पाहिजे. पहिली कापडगिरणी उभी राहून अर्धशतक उलटले होते. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती. १८९६ च्या प्लेगने चाळींची दशा साऱ्या जगाला दाखविली होती, पण चाळी होत्या तशाच होत्या. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, आणि पाळीवरून आलेल्या माणसाने पाळीवर गेलेल्या माणसाच्या वळकटीवर पाठ टेकायची, असा संसार. कामाच्या तासांची गोष्ट सांगायची तर १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांच्या पोराला गिरणीत सात तास राबविण्याची मुभा होती; आणि मोठ्या पुरुषांच्या कामाला कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली ती १९११ च्या कायद्याने. म्हणजे लीग जन्मली त्या वर्षी बारा तासांचा दिवस ही सुधारणा गणली जात होती!

कामगारांचा कैवार घेणारे तत्पूर्वी कोणी नव्हते असे नव्हे. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू'तून गिरणीकामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. रावबहादुर सीताराम केशव बोले यांची कामगार हितवर्धक सभा लीगच्या थोडी आधीची. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या. परंतु संप मिटला की माणूस पुन्हा एकटा पडे. रोजच्या आयुष्यात त्याच्या शेजारी उभे राहणारे कोणी नव्हते, किंवा फारच थोडे होते.

या ठिकाणी नारायण मल्हार जोशी आले. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे हे गृहस्थ १८७९ साली जन्मले. पदवीधर होऊन काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा केला आणि १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. भारत सेवक समाजाचा सभासद म्हणजे अल्प वेतनावर जन्मभर देशकार्य करण्याची शपथ घेतलेला माणूस. जोश्यांच्या बोलण्यात आग नव्हती. टिपण काढणे, हिशेब ठेवणे आणि घेतलेले काम न सोडणे हे त्यांचे बळ. संघटना चालविणाऱ्यांना हे बळ किती दुर्मिळ आहे ते ठाऊक असते.

लीगने काय केले? शाळा काढल्या, आणि त्यांत रात्रशाळा महत्त्वाच्या. कारण ज्याला शिकवायचे तो दिवसा साच्यावर होता. वाचनालये काढली. कामावर जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघरे काढली. सावकाराच्या फासातून सुटका व्हावी म्हणून सहकारी पतपेढ्या काढल्या. औषधपाण्याची सोय केली, चाळींच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले, व्यायामशाळा चालविल्या, नाटकांचे प्रयोग लावले. साथ, दुष्काळ वा पूर आला की लीगने शिकवून तयार केलेले स्वयंसेवक मदतीला धावत.

आणि मुलांचे काम! लीगने मुलांचे क्लब काढले आणि बालवीरांची पथके उभी केली. आज बालवीर म्हटले की गणवेश, शिट्टी आणि झेंडावंदन एवढेच आठवते. परंतु आपल्या देशात ही चळवळ आरंभी गोऱ्या मुलांपुरती होती. हिंदी मुलांना तिच्यात प्रवेश नव्हता. म्हणून भारत सेवक समाजाच्याच श्रीराम बाजपेयींनी सेवा समितीची स्वतंत्र बालवीर संघटना उभारली, आणि १९१४ साली हृदयनाथ कुंझरूंनी प्रयागेस सेवा समिती काढली. मुंबईतील कामगारवस्तीत मुलांना क्लबात आणणे याचा अर्थ आणखी वेगळा होता. तेथील पोराला घरात पाय पसरायला जागा नव्हती; त्याचे अंगण म्हणजे रस्ता आणि त्याची सोबत म्हणजे गुत्त्यापुढची टोळी. त्याला खेळायला जागा मिळाली, वेळेवर यायची सवय लागली, आपल्या पथकातील मुलगा मागे राहिला तर थांबायचे हे कळले. वस्तीतील लोकांसाठी सहलीही निघत. ज्याने चिमणीचा धूर सोडून मुंबईत दुसरे काही पाहिलेले नाही त्याला एक दिवस झाडाखाली बसता यावे, ही गोष्ट लहान समजू नये.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारे काम मात्र निराळेच. लीगची माणसे पोलीस कोर्टात जाऊन बसत. कोणी निरक्षर गरीब माणूस क्षुल्लक गुन्ह्यासाठी पकडून आणलेला असे. त्याच्यावर कोणता आरोप आहे हे त्याला कळत नसे, आणि त्याची बाजू मांडणारा कोणी नसे. लीगचा माणूस त्याच्यासाठी उभा राही, कायद्याचा सल्ला देई. दोन हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या वतीने बोलायचे काम एकदा पत्करले म्हणजे त्याच्यावर ही पाळी का आली, हे विचारल्यावाचून राहवत नाही. सेवा करणारा आणि प्रश्न विचारणारा यांच्यामधली भिंत तेथे पडते.

ती भिंत जोश्यांच्या बाबतीत कशी पडली याची साक्ष पुढील दहा वर्षे देतात. महायुद्धात कापडाला भाव आला, गिरण्यांनी नफा कमावला. धान्य मात्र महागले आणि मजुरी मागे राहिली. १९१८ मध्ये मानमोडीच्या साथीने वस्त्यांमधून हाहाकार उडविला. १९१९ च्या जानेवारीत लाखावर गिरणीकामगार संपावर गेले. त्याच साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोश्यांना पाठविले. पण कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का निवडावा, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या उभारणीत जोशी होते. पाळणाघर आणि वाचनालय चालविणारा गृहस्थ देशातील पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या पायाशी सापडतो, हा योगायोग नव्हे.

लीगची दुसरी बाजू लपवून ठेवणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेवेला पैसा लागतो, आणि मुंबईत पैसा कोणाजवळ होता? काही गिरणीमालकांनी आपल्या कामगारांचे कल्याणकार्य लीगच्या हाती सोपविले होते. परळला लीगचे जे सभागृह १९२२ साली उभे राहिले, त्याला नाव मिळाले दामोदर ठाकरसी मूळजी यांचे. हे घराणे गिरणीधंद्यातले. महिला विद्यापीठाला ज्यांनी मोठी देणगी दिली ते सर विठ्ठलदास हे दामोदर ठाकरसींचे चिरंजीव. दात्याच्या मनात दया होती हे आम्ही मान्य करतो. परंतु मालकाच्या पैशावर चालणारी संस्था मालकाला मजुरीचा जाब कितपत विचारू शकेल, ही शंका रास्तच होती. पाळणाघर ही कृपा आहे तोवर ती उद्या बंद करता येते. कृपेचा हा दोष देणाऱ्याच्या स्वभावात नसून कृपेच्या स्वभावातच आहे.

पण इतिहास कधीकधी दात्याच्या पाटीकडे न पाहता आपले काम उरकून घेतो. याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलाविली, आणि त्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. या सभेनेही आरंभ केला तो वसतिगृह आणि वाचनालय यांपासून. १९२५ साली सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले; मुंबईत तरुणांसाठी हॉकीचा क्लब काढला, की त्यांनी जुगाराच्या आणि दारूच्या वाटेला जाऊ नये. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. वाचनालयापासून तळ्यापर्यंतचे हे अंतर केवढे, आणि ते किती थोड्या काळात तोडले गेले!

येथे आमच्या चळवळीचाही एक दोष सांगून टाकतो. गिरणीच्या विणखात्यात मजुरी अधिक, पण तेथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त. हा विटाळ मालकाने एकट्याने पाळला नाही, आमच्या कामगारबंधूंनीच पाळला. १९२८ च्या मोठ्या संपात हा प्रश्न बाबासाहेबांना बाहेरून टोचून विचारावा लागला. सेवासंस्थांना उणे काढण्यापूर्वी युनियनवाल्यांनी हे स्मरणात ठेवावे.

जोश्यांचा पुढचा मार्ग सरळ नव्हता. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत झुंजले आणि कपात रद्द झाली. त्यानंतर लगेच १९२६ च्या आरंभी जोश्यांच्या अध्यक्षतेखाली गिरणीकामगारांची युनियन उभी राहिली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात ते आणि कॉम्रेड डांगे एकत्र लढले. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात मात्र जहाल-मवाळांची फाटाफूट झाली आणि जोशी बाहेर पडले. १९४० साली पुन्हा एकी झाली तेव्हा सरचिटणीसपदी तेच आले. मधल्या काळात त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात वर्षानुवर्षे कामगारांची बाजू मांडली. १९५५ च्या मे महिन्यात ते वारले. ज्या डिलाइल रोडवरून गिरणीकामगारांच्या पाळ्या जात-येत, त्याला पुढे त्यांचे नाव मिळाले.

आता १९११ ची यादी पुन्हा हाती घ्या. पाळणाघर : १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे ते सक्तीचे झाले, आणि १९७६ साली ही संख्या तीसवर आली. गरिबाला कोर्टात मदत : १९७६ च्या घटनादुरुस्तीने ती राज्याचे कर्तव्य ठरली आणि १९८७ साली त्यासाठी कायदा झाला. शाळा : २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो कायदेशीर हक्क झाला. काल जी सेवा होती ती आज हक्क झाली. पण ती आपोआप झाली नाही. कोणीतरी आधी करून दाखविले, म्हणून ती शक्य आहे हे कळले. आणि कोणीतरी भांडले, म्हणून ती सर्वांना मिळाली. पहिले काम लीगसारख्या संस्थांचे, दुसरे संघटनेचे. एकाच माणसाने दोन्ही केली, हे जोश्यांचे वेगळेपण.

आमच्याविषयी एकच गोष्ट सांगतो, ती या विषयाला लागून आहे म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर होते. त्यांत आमचे वडील होते. आमची शाळा त्या संपात सुटली ती सुटलीच. वस्तीत एका सेवामंडळाचे वाचनालय होते. अनामत भरायला घरात पैसे नव्हते. तेथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वहीत आमचे नाव लिहिले, अनामतीच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि पुस्तक पुढे सरकविले. पुढे कामगार कायदा आम्ही वाचला तो त्या सवयीच्या जोरावर. मंडळांवर टीका करताना ती आडवी रेघ आम्हाला आठवते आणि शब्द जरा जपून निघतात.

दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगभूमीवरील लोकांनी हळहळ व्यक्त केली, निषेधही केला. वास्तू उभ्या राहतात आणि पडतात. आपल्या गावातील मंडळांना आमची विनंती एवढीच, की वह्या जरूर वाटा, मुलांना किल्ल्यावरही न्या. पण ज्या मुलाला वही दिली त्याच्या बापाला वेळेवर पगार मिळतो का, हेही एकदा विचारा. आणि आमच्या युनियनच्या बंधूंना विनंती, की कचेरीत पुस्तकांचे एक कपाट ठेवा आणि संध्याकाळी ते उघडे ठेवा. कामगारांची पोरे दारात घोटाळत असतात. त्यांना आत बोलवायला ठरावाची गरज नाही.