रॉबर्ट स्मॉल्स : बंदरातून आगबोट पळवणारा गुलाम

रॉबर्ट स्मॉल्स (५ एप्रिल १८३९ – २३ फेब्रुवारी १९१५) हे अमेरिकी यादवी युद्धातील कृष्णवर्णीय नाविक व लोकप्रतिनिधी. त्यांचा जन्म दक्षिण कॅरोलायना राज्यातील ब्यूफर्ट येथे गुलामगिरीत झाला. बाराव्या वर्षी मालकाने त्यांना चार्ल्सटनला मजुरीसाठी धाडले. कमाई मालकाची, स्मॉल्स यांच्या हाती आठवड्याला एक डॉलर येई. गोदीत काम करता करता ते बंदराचे जलमार्ग शिकले आणि बंडखोर दक्षिणी राज्यांच्या ‘प्लँटर’ या लष्करी आगबोटीचे सुकाणू सांभाळू लागले.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरील तिन्ही गोरे अधिकारी किनाऱ्यावर मुक्कामाला गेले. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्स यांनी बोट हलवली आणि दुसऱ्या धक्क्यावरून पत्नी हॅना, मुले व सहकाऱ्यांचे कुटुंबीय घेतले. कप्तानाची गवती टोपी घालून, शिट्टीचे ठरलेले संकेत देत त्यांनी सम्टर किल्ला ओलांडला. पुढे पांढरी चादर फडकवून १६ जणांसह बोट संघराज्याच्या नौदलाकडे सोपवली. तीवरील तोफांइतकीच बंदरातील संरक्षणव्यवस्थेविषयीची त्यांची माहितीही मोलाची ठरली. त्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्यासाठी प्रयत्न केले.

युद्धानंतर ते राज्य विधिमंडळात व पाच वेळा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत त्यांनी सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शिक्षणाचा आग्रह धरला. ज्या घरामागे ते गुलाम म्हणून जन्मले, ते मालकाचे घरही त्यांनी करथकबाकीच्या लिलावात विकत घेतले.

सरकारी हिशेबात मात्र त्यांच्या पराक्रमाला पुरेसे मोल मिळाले नाही. १८६२ मध्ये बोटीची किंमत सुमारे ९,००० डॉलर धरून स्मॉल्स यांना बक्षिसाचे १,५०० डॉलर देण्यात आले. ती आकारणी हास्यास्पद असल्याचे प्रतिनिधिगृहाच्या समितीने १८८३ मध्ये नमूद केले. नौदलात रीतसर भरती नसल्याने निवृत्तिवेतनही नाकारले गेले. ते १८९७ मध्ये खास कायद्याने मिळाले.

१८९५ च्या राज्यघटना परिषदेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणाऱ्या तरतुदींना मोजक्या कृष्णवर्णीय सदस्यांसह त्यांनी विरोध केला. त्या तरतुदी मंजूर झाल्या. १८६२ मध्ये जिवावर उदार होऊन मिळवलेल्या स्वातंत्र्याला लागलेली कात्री त्यांना हयातीतच पाहावी लागली. ब्यूफर्ट येथे त्यांचे निधन झाले.